वापसा

काचेच्या बांगड्या कुठेही किणकिणल्या की मला थंडी आठवते, आणि तीही भाद्रपदातली. बाहेर उन्हाने उसाची पाती तापलेली असत आणि आत सोप्यातल्या बाजेवर आजीच्या अंगात हीव भरून आलेले असे. तिच्यावर वाकळांवर वाकळा टाकलेल्या, सगळ्यांच्या वर आजोबांची काळी घोंगडी, आणि त्या ढिगाच्या आतून, माणूस काही दिसत नसताना, फक्त तो आवाज येई. मनगटभर हिरव्या बांगड्या एकमेकींवर आपटत. आधी थांबत थांबत, मग सलग, मग इतक्या घाईने की मला वाटे, आता त्या फुटतील. लग्नघरात, कासाराच्या दुकानात, एसटीत शेजारच्या बाईने दांडी धरायला हात वर केला की तो आवाज सगळ्यांना आनंदाचा वाटतो. मलाही वाटतो. पण त्याच्या तळाशी काहीतरी गार असते, आणि त्या गारव्याच्या मागोमाग मी अंथुर्ण्याला जाऊन पोचते.

आमची वस्ती गावाबाहेर, चारीच्या कडेला. नीरा डाव्या कालव्याचे पाणी या बाजूला आले ते एकोणिसाव्या शतकातल्या त्या मोठ्या दुष्काळानंतर. त्याआधी हा इंदापूरचा माळ बाजरीचा, हुलग्याचा आणि आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या माणसांचा होता. पाणी आले आणि माळाने रंग बदलला. कळंबच्या बाजूला वालचंदनगर उभे राहिले, भवानीनगरला साखर कारखान्याची चिमणी धूर सोडू लागली, निमगाव केतकीचे पानमळे बहरले, आणि ज्यांच्या आजोबांनी दुष्काळात खडी फोडली होती त्यांच्या नातवंडांनी उसाच्या कांड्या दातांनी सोलून खाल्ल्या. पाण्याने जे जे दिले ते गावाने कपाळाला लावून घेतले. पण चारीच्या गळतीत, पाटाच्या कडेच्या डबक्यांत, चिखलात उमटलेल्या बैलांच्या खुरांत जे स्वच्छ, निवांत पाणी साठून राही, त्यात आणखीही काही वाढत असे. तेही पाण्याचेच देणे होते. दिवसभर गोठ्याच्या अंधारात भिंतीला तिरका बसून राहणारा तो लहानसा डास आम्हा मुलांना ओळखू येई. त्याला काय म्हणतात ते मात्र फार पुढे कळले.

तुकोबांची पालखी बेलवाडीचे रिंगण करून अंथुर्ण्यावरून पुढे निमगावकडे गेली की रस्ता एकदम रिकामा होई. टाळांचा नाद दोनतीन दिवस कानात राही, मग तोही ओसरे. पेरण्या उरकत, चिखल वाढे, संध्याकाळी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर गोठ्यातून अंगणात पसरे. आणि श्रावण सरता सरता घरोघर कुणी ना कुणी वाकळेखाली जाई.

आजीचा ताप दिवसाआड येई. तिला त्याची वेळ ठाऊक असे. "आज त्येचा दिस हाय," ती सकाळीच सांगे, आणि उन्हे डोक्यावर यायच्या आत भाकरी थापून, जनावरांना वैरण टाकून, पाण्याचा तांब्या बाजेखाली ठेवून आपणहून आडवी होई. पहिल्यांदा जांभया येत. मग नखे निळसर होत. मग तो आवाज सुरू होई. मी उंबऱ्यावर बसून ऐके. वाकळेत हात घालून तिचा हात धरावा असे फार वाटे, पण धरला तरी बांगड्या थांबत नसत, उलट तिच्या हाताची थरथर माझ्या कोपरापर्यंत चढे. तासाभराने आवाज विरळ होई, वाकळा एकेक करून जमिनीवर पडत, तापाने तिचा चेहरा लालबुंद होई. मग घाम. उन्हे उतरताना ती उठून बसे, ओल्या पदराने तोंड पुसे आणि चुलीशी जाऊन जाळ घाली. दुसऱ्या दिवशी खुरपे घेऊन रानात. तिसऱ्या दिवशी पुन्हा बाज.

हे सारे नेमाने चाले आणि त्या नेमाची मला भीती वाटे. पुढे वाचताना त्या नेमाचा अर्थ कळला. हिवतापाचा परजीवी तांबड्या रक्तपेशीत शिरतो, आत अठ्ठेचाळीस तास वाढतो, एकाचे अनेक होतात, आणि ते सगळे मिळून पेशी फोडून बाहेर पडतात. रक्तातल्या असंख्य पेशी एकाच सुमाराला फुटतात तेव्हा अंगाला हीव भरते. बाहेर पडलेल्या प्रत्येकाला पुढची पेशी लगेच गाठावी लागते. त्याला मोकळ्यावर राहता येते ते अगदी थोडा वेळ, मिनिटादोन मिनिटांपुरते. किती वर्षे मी त्या किणकिणीला आजीची थंडी समजत होते. ती तिच्या रक्तातल्या फुटण्याची वार्ता होती. बाजेवर एक बाई थरथरत होती आणि तिच्या आत, कुणालाही न दिसता, लक्षावधी दारे एकदम उघडत होती.

आजीच्या तरुणपणी हा ताप दर वर्षीचा होता. तिच्या बोलण्यात त्या दिवसांचा उल्लेख ऋतूसारखा येई. अमक्याच्या तापात थोरला झाला, तमक्याच्या तापात धाकटी गेली. पोरांच्या पोटात डाव्या बाजूला पानथरी वाढलेली हाताला लागे. गुळवेलीचा काढा, काडेचिराईत, देवाचा अंगारा, सगळे होते आणि कशानेच काही अडत नसे. देशाचे आकडे मी नंतर पाहिले. स्वातंत्र्याच्या सुमाराला वर्षाला साडेसात कोटी माणसांना हिवताप होई आणि आठ लाख माणसे त्यात जात, असा तेव्हाचा अंदाज आहे. आपल्या जुन्या मुंबई प्रांतात १९४६ पासून डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी धारवाड आणि कारवारकडच्या गावांत घराघराच्या भिंतींवर डीडीटी फवारून घेतले. १९५३ मध्ये तेच काम देशभर सुरू झाले. आमच्याकडे खांद्याला पंप अडकवलेली माणसे येत, भांडीकुंडी अंगणात काढायला लावत, आणि मातीच्या भिंतींवर पांढरा ओला पट्टा चढत जाई. भिंती सारवू नका, असे ते बायांना बजावून जात. बाया मान हलवत, आणि गौरी-गणपती आले की न राहवून सारवून घेत. तरीही ताप ओसरला. साठीच्या दशकात देशातले रुग्ण वर्षाला लाखभरावर आले. आजीच्या हातातल्या बांगड्या मग काही वर्षे फक्त सणांना आणि दळणाकांडणाला वाजत राहिल्या.

त्या शांत वर्षांत मी जन्मले. त्यामुळे ताप परत आला तेव्हा मला तो नवा होता, आणि आजीलाही नवा असल्यासारखा भेटला, याचे मला आश्चर्य वाटले. १९७६ साली देशात चौसष्ट लाखांवर रुग्ण नोंदले गेले. आमच्या वाट्याला त्यातला किती आला हे कुणी मोजले असेल तर असो. मला वाकळा आठवतात. दर पंधरवड्याला बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घेणारा मलेरियाचा माणूस आठवतो, आणि क्लोरोक्विनच्या गोळीचा घशात रेंगाळणारा कडूपणा. एका संध्याकाळी घाम येऊन गेल्यावर आजी भिंतीला टेकून बसली होती. मी तिला विचारले, "तू तर म्हणायचीस, लहानपणी तापातसुद्धा खुरपायला जायचीस?" ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तवा सोसायचं. आता न्हाई सोसत. अंग इसारलं बघ, पोरी."

अंग विसरले. किती साधेपणाने म्हणाली ती.

तेव्हापासून हे वाक्य माझ्या सोबतीला आहे. शाळा सुटली, गाव सुटले, आजी गेली, तरी ते गेले नाही. गोवर एकदा येऊन गेला की शरीर त्याला जन्मभर विसरत नाही. मग ज्या तापाने एवढे छळले त्याचा विसर कसा पडतो? जाणकार सांगतात ते थोडक्यात असे. जिथे हिवताप बारा महिने असतो, तिथे मूल त्याच्याशी पुन्हा पुन्हा झगडते. काही मुले त्यात जातात. जी उरतात त्यांचे शरीर वर्षानुवर्षे थोडे थोडे शिकत जाते, आणि मोठेपणी रक्तात परजीवी असूनही माणूस कामाला जाऊ शकतो. पण तो मुलूख सोडून काही वर्षे दूर राहिले, की शिकलेले ओसरू लागते. आमच्या कालव्याकाठी तर ताप पावसाळ्यापुरता, त्यामुळे शिकणे कायम अर्धे राहायचे आणि विसरणे मात्र पुरे व्हायचे. आजीच्या पिढीने हे अर्धे शहाणपण केवढ्या मोलाने मिळवले होते! लेकरे मातीत घालून मिळवले होते. आणि काही वर्षांच्या शांततेत तेही हातून निसटले.

म्हणूनच २०२५ च्या जानेवारीत पद्मश्रीच्या यादीत चेतन चिटणीस हे नाव वाचले तेव्हा मी थबकले. माणूस पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करणारा, काम हिवतापाच्या परजीवीवर, आणि नाव आपल्या अगदी ओळखीचे. त्यांचे वडील एकनाथ चिटणीस, कोल्हापूरचे. विक्रम साराभाईंच्या सोबत भारताच्या अवकाश कार्यक्रमाची पायाभरणी करणाऱ्यांतले एक. १९७५-७६ साली उपग्रहावरून चोवीसशे खेड्यांत दूरचित्रवाणी पोचवण्याचा प्रयोग झाला, त्यामागे त्यांचा हात होता. बापाने आभाळातून खेड्याकडे पाहिले. मुलगाही शिकला आधी भौतिकशास्त्र, पण त्याची नजर वळली ती रक्ताच्या थेंबाकडे. मला हे दोन्ही पाहणे एकाच घरातले वाटते. न दिसणाऱ्या वाटेने दूरच्या माणसापर्यंत पोचायचे आहे, हा ध्यास दोघांचा सारखाच.

चिटणीसांच्या कामाच्या मुळाशी एक जुने कोडे आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या बहुसंख्य लोकांना व्हायव्हॅक्स जातीचा हिवताप जवळजवळ होतच नाही. व्हायव्हॅक्स म्हणजे दिवसाआड येणारा, आपल्याकडे फार जुना असलेला. आजीला बहुधा हाच असावा. १९५० मध्ये डफी नावाच्या एका रुग्णाच्या रक्तावरून तांबड्या पेशीवरचे एक प्रथिन ओळखले गेले आणि त्याला त्या माणसाचेच नाव मिळाले. सत्तरीच्या दशकात अमेरिकेत लुई मिलर यांनी दाखवले, की ज्यांच्या तांबड्या पेशींवर हे प्रथिन नसते त्यांच्या रक्तात व्हायव्हॅक्सला शिरता येत नाही. तो पेशीपर्यंत येतो, चाचपडतो, धरायला काही सापडत नाही आणि संपून जातो. किती पिढ्यांच्या मरणातून तिथल्या रक्ताने हा नकार कमावला असेल! पुढे मादागास्करमध्ये त्या नकारालाही वळसा घालणारा व्हायव्हॅक्स सापडला. निसर्गाने दिलेली अभयेही मुदतीची असतात, हे त्यावेळी जगाला कळले.

चिटणीस या मिलर यांच्याच प्रयोगशाळेत शिकले. परजीवीकडे डफीला धरणारे एक मोठे प्रथिन असते. त्यातला नेमका कोणता भाग धरतो, हे त्यांनी मिलर यांच्यासोबत १९९४ मध्ये दाखवून दिले. सुमारे ३३० अमिनो आम्लांचा एक तुकडा. एवढासा. आजीला बाजेवर आडवे करणारी सगळी ताकद त्या एवढ्याशा पकडीत होती. मग ते दिल्लीला आले, तिथल्या आंतरराष्ट्रीय जनुक अभियांत्रिकी केंद्रात वर्षानुवर्षे त्याच तुकड्यापाशी बसले. विचार सरळ होता. हा तुकडा एकटाच शरीराला दाखवला आणि त्याच्या विरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली, तर परजीवी बाहेर पडून नवी पेशी शोधत असेल त्या मिनिटादोन मिनिटांत ती प्रतिपिंडे त्याची पकडच झाकून टाकतील. पेशी समोर असूनही त्याला शिरता येणार नाही.

विचार सरळ असला तरी हाताला काम सरळ लागत नाही. हा तुकडा जीवाणूंच्या पेशीत बनवला की त्याचा गोळा होऊन बसतो. त्यात बारा ठिकाणी गंधकाचे अणू आहेत, आणि ते जोडीजोडीने योग्य त्या गाठीत बांधले गेले तरच त्याला त्याचा खरा आकार येतो. आकार चुकला तर शरीर भलत्याच गोष्टीविरुद्ध शिकते. म्हणून तो गोळा आधी पूर्ण उलगडायचा, आणि मग हळूहळू, जपून, पुन्हा घडी घालायची. दिल्लीच्या उन्हाळ्यात, थंडीत, वर्षामागून वर्षे कुणीतरी ती घडी घालत बसले होते हे मनात आले की मला फार भरून येते. जगाच्या दृष्टीने व्हायव्हॅक्स तसा दुय्यम. आफ्रिकेतल्या लेकरांना पटापट मारणारा फाल्सिपॅरम मोठा शत्रू, आणि ते खरेच आहे. पण दिवसाआड येऊन माणसाला रानातून बाजेवर आणि बाजेवरून रानात हेलपाटे घालायला लावणाऱ्या तापाचीही कुणाला तरी काळजी होती.

आणि हा व्हायव्हॅक्स मोठा चिवट. तो फार काळ प्रयोगशाळेत वाढवताही येत नाही, कारण त्याला कोवळ्या, नुकत्याच तयार झालेल्या तांबड्या पेशी लागतात. शिवाय तो यकृतात झोपून राहतो. ताप जातो, गोळ्या संपतात, माणूस विसरतो, आणि महिन्यांनी, कधी पुढच्या उन्हाळ्यात, डासाचा पत्ता नसताना पुन्हा हीव भरते. आमच्याकडे त्याचा दोष आंब्यावर जाई, नाहीतर ओल्या भुईमुगाच्या शेंगांवर. शरीर विसरते आणि तो लक्षात ठेवतो. विसरणाऱ्या आणि न विसरणाऱ्याच्या या झगड्यात आजवर तोच वरचढ ठरत आला आहे.

तरी शरीर शिकू शकते याची खूण सापडली होती. पापुआ न्यू गिनीतल्या मुलांच्या रक्ताचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या रक्तात ही पकड झाकणारी प्रतिपिंडे पुरेशी होती, त्यांना व्हायव्हॅक्सची लागण उशिरा होत होती. त्या मुलांनी ताप सोसून जे मिळवले होते, तेच न सोसता देता यावे म्हणून ही लस. भारतातल्या निरोगी स्वयंसेवकांना ती पहिल्यांदा टोचली गेली, आणि ती निर्धोक असल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले. मग ऑक्सफर्डमध्ये पुढची पायरी. तिथे काही निरोगी माणसांनी लस घेतली आणि नंतर आपल्या रक्तात व्हायव्हॅक्स मुद्दाम सोडू दिला. त्यासाठीचा परजीवी मूळ थायलंडमधल्या एका रुग्णाचा. तो डासांमधून ऑक्सफर्डला आला, स्वयंसेवकांना ते डास चावले, आणि त्यांचे रक्त गोठवून पुढच्यांसाठी राखून ठेवले गेले. परक्या माणसांसाठी आपल्या अंगात हीव भरून घेणारी ही माणसे. त्यांची नावे आपल्याला कळणार नाहीत, पण त्यांचे ऋण मोठे आहे.

या चाचणीच्या मधोमध कोरोना आला आणि काम थांबले. ज्यांचे डोस राहिले होते त्यांचा शेवटचा डोस पुढे, फार पुढे गेला. पहिला, मग महिन्याने दुसरा, आणि तिसरा पहिल्यापासून चौदा महिन्यांनी. २०२३ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा दिसले, की ज्यांच्या वाट्याला हा लांबलेला काळ आला, त्यांच्याच रक्तात परजीवीची वाढ सुमारे निम्म्याने मंदावली होती. घाईघाईने दिलेल्या डोसांनी जे साधले नव्हते ते मधल्या उसंतीने साधले.

हे वाचले आणि मला आजोबा चारीच्या कडेला उभे असलेले दिसले. कालव्याचे आवर्तन सुटले की गावात रात्रभर कंदील हलत. कुणाला वाटे दारे मोडून सगळे पाणी एकदाच घ्यावे. आजोबा थांबायला सांगत. पाणी दिल्यावर जमिनीला वापसा येऊ द्यावा लागतो. ओल तळाशी उतरते, माती मोकळी होते, मुळांना हवा लागते, आणि ती पाण्याच्या मागोमाग खोल जाऊ लागतात. सतत ओल्या रानातल्या पिकाची मुळे वरवर राहतात आणि पहिल्या उन्हात ते मान टाकते. मला वाटते शरीराच्या आठवणीलाही असा वापसा लागत असावा. एकदा दाखवावे, मग सोडून द्यावे, विसरते की काय असे वाटेपर्यंत थांबावे, आणि मग पुन्हा एकदा दाखवावे. त्या मधल्या महिन्यांत शरीराच्या आत काहीतरी नीट, शांतपणे रुजत असते.

आठवणींचेही असेच असेल का? रोज उगाळलेली आठवण पातळ होते. जी कित्येक वर्षे हाक मारत नाही आणि मग एखाद्या एसटीत, एखाद्या परक्या हाताच्या किणकिणीने अचानक उठून उभी राहते, ती मुळासकट उभी राहते. आजीचे ते वाक्य मला रोज आठवत राहिले असते तर कदाचित आज त्याचा हा अर्थ मला दिसला नसता.

इंदापूरहून पुण्याला येताना सोलापूर रस्त्याने हडपसर लागते. तिथल्या सीरम संस्थेत आता हिवतापाची एक लस तयार होते. आर२१ नावाची, ऑक्सफर्डमध्ये घडलेली, फाल्सिपॅरमवरची. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली आणि पुण्यात भरलेल्या कुप्या आफ्रिकेतल्या बाळांसाठी जाऊ लागल्या. व्हायव्हॅक्सची लस अजून त्या वाटेवर बरीच मागे आहे. निम्मा वेग पुरेसा नाही, तो आणखी उतरवायला हवा, आणि जिथे ताप खरोखर राहतो तिथे तिला स्वतःला सिद्ध करावे लागेल. हे काम अजून कित्येक वर्षांचे आहे. मला त्याची निराशा वाटत नाही. ज्या तापाने हजारो वर्षे माणसाला धरून ठेवले, त्याची पकड सैल करायला एक-दोन आयुष्ये लागली तर ती फार नाहीत.

एक गोष्ट मनातून जात नाही. आई आपल्या बाळाला जन्माआधीच आपली प्रतिपिंडे देते. नाळेतून ती त्याच्या रक्तात उतरतात आणि पहिले काही महिने बाळाला जपतात. मग ती संपतात. आईने सोसून शिकलेल्यातले एवढेच देता येते, आणि तेही काही महिन्यांपुरते. त्यापुढे प्रत्येकाने आपापला ताप आपापल्या अंगावर काढायचा. माझ्या आजीने माझ्या आईला, आईने मला, पिढ्यांपिढ्यांच्या बायांनी लेकरांना केवढे काही देऊ केले. भाकरी दिली, ओव्या दिल्या, कोणत्या रानात काय उगवते ते दिले, माणसे ओळखायचा डोळा दिला. पण अंगाने शिकलेले मात्र त्यांना देता आले नाही. ते त्यांच्याबरोबर मातीत गेले. दिल्लीत, पॅरिसमध्ये, ऑक्सफर्डमध्ये, पुण्यात जी माणसे प्रथिनांच्या घड्या घालत बसली आहेत, ती माझ्या लेखी या तुटलेल्या वारशाला गाठ मारत आहेत. जे आजवर फक्त सोसून मिळे ते देता येण्यासारखे करत आहेत.

महाराष्ट्रातल्या हिवतापाचा मोठा भार आज गडचिरोलीच्या भामरागड-एटापल्लीसारख्या जंगलातल्या तालुक्यांवर आहे. अंथुर्ण्याच्या मुलांना आता हा ताप गोष्टीतला वाटतो, पण तिकडच्या एखाद्या टोल्यावरच्या मुलीला तो अजूनही घरातला आहे. आज जन्मलेल्या त्या मुलीच्या अंगाला हे सारे ठाऊक असावे, आणि ते शिकण्यासाठी तिला एकही दिवस तापात काढावा लागू नये, एवढे मला या विद्येकडून हवे आहे. माणसाने मिळवलेले कुठलेही शहाणपण मी आता याच एका गोष्टीवरून जोखते, की ज्याने सोसलेले नाही त्याच्या हातात ते ठेवता येते की नाही.